डोंगळ्यांचा संसार आणि मी

मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे आपल्याकडे म्हणतात. आपली पायरी सोडून वर पाहू लागलेल्या माणसाला उद्देशून ही म्हण वापरली जाते. म्हणीत तथ्य किती हे तपासून पाहण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. मी पडलो. गेली दीड वर्षे माझ्या खोलीतल्या फडताळावर डोंगळ्यांचा एक संसार नांदतो आहे, आणि त्यांच्यासोबत मीही काही शिकतो आहे.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध दहावीतल्या विज्ञानाच्या पुस्तकाबरोबर संपला. त्यामुळे मी डोंगळे पाळतो असे सांगितले की वर्गमित्र आधी हसतात आणि मग विचारतात, "अरे, पण ते पाळायचे कसे? आणि कशासाठी?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता देता दुसऱ्याचेही देता येईल, या आशेने हा लेख लिहीत आहे.

डोंगळा म्हणजे गुळाच्या ढेपेला लागणारा मोठा काळा मुंगळा. शास्त्रज्ञ त्याला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. भारतात तो बहुतेक सगळीकडे आढळतो. झाडाच्या बुंध्याशी, बांधाच्या मातीत त्याची बिळे असतात. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून झोंबते. आणखी एक गंमत अशी की आपण 'तो डोंगळा' म्हणतो खरे, पण आपल्याला दिसणारा जवळजवळ प्रत्येक डोंगळा ही मादी असते. अन्न आणणे, घर खणणे, पिले सांभाळणे, लढणे ही सगळी कामे बायकाच करतात. नर थोडे असतात, वर्षातून थोडे दिवस असतात आणि त्यांचे काम एकच असते. ते पुढे येईलच.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. मातीचे जे उंच वारूळ आपण शेतात पाहतो आणि नागपंचमीला पुजतो, ते मुंग्यांचे नसून वाळवीचे असते. आणि पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जो पंखवाल्या किड्यांचा खच पडतो, त्यातही पुष्कळदा वाळवीच जास्त असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. मुंगीची कंबर बारीक, वाळवीला कंबरच नाही. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, वाळवीचे चारही सारखे. मुंग्या पाळायच्या तर धड्याची सुरुवात येथून होते. नाहीतर माणूस मोठ्या हौसेने वाळवीची जोडी घरात आणून ठेवायचा आणि फडताळच गमावून बसायचा!

आता त्या पंखांकडे वळू. वस्ती पुरेशी मोठी झाली की तिच्यात पंखवाल्या राण्या आणि पंखवाले नर जन्माला येतात. हवा दमट झाली, वारा पडला, की एखाद्या संध्याकाळी ते बाहेर पडतात आणि हवेतच त्यांचे मीलन होते. नर त्यानंतर लवकरच मरतात. म्हणजे नरांपुरती म्हण खरी आहे. राणीचे मात्र वेगळे. ती जमिनीवर उतरते आणि आपले पंख आपणच पाडून टाकते. यापुढे तिला उडायचे नसते. नराचे बीज ती पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि वर्षानुवर्षे पुरवून वापरते. ज्या अंड्यावर हे बीज पडते त्यातून मादी होते, ज्यावर पडत नाही त्यातून नर. पंख पाडलेली राणी मातीत एक लहानशी खोली करते, तिचे तोंड बंद करते आणि आत एकटीच बसते. तिला बाहेरून काही खायला मिळत नाही. उडण्यासाठी लागणारे छातीतले जाडजूड स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते आतल्या आत विरघळतात, आणि त्यावर व पोटातल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही जगवते. ज्या पंखांना आपण मरणाची खूण म्हणतो, त्यांचेच बळ पुढच्या पिढीच्या तोंडात जाते. हे मला कळले तेव्हा त्या म्हणीबद्दलचे माझे मत पार बदलले.

अशा शेकडो राण्यांपैकी फार थोड्या जगतात. बेडूक, पाली, पक्षी आणि इतर मुंग्या त्यांना खाऊन टाकतात. २०२३च्या जून महिन्यात, मृगाच्या पहिल्या सरीनंतर, आमच्या ओट्यावर पंख पाडलेली अशी एक राणी मला सापडली. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी काठ टवकलेली एक परीक्षानळी मला दिली. नळी एकतृतीयांश पाण्याने भरायची, पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा आत सारायचा, उरलेल्या कोरड्या भागात राणी सोडायची आणि तोंडाला दुसरा बोळा लावायचा. ओल्या बोळ्यामुळे तिला पाणीही मिळते आणि जमिनीखालच्यासारखी दमट हवाही. मातीतल्या बंद खोलीची ही काचेची नक्कल. एवढी व्यवस्था पुरेशी असते. पण मी पुरेसा नव्हतो.

तिसऱ्या दिवशी तिने अंडी घातली. आनंदाच्या भरात मी तासातासाला नळी उचलून उजेडात धरू लागलो. शेजारच्या पोरांना दाखवली. मावशी आली, तिला दाखवली. भूक लागली असेल म्हणून बोळा काढून आत साखरेचे पाणी सोडले. आठवड्याने पाहतो तो अंडी नाहीशी! राणीने ती खाल्ली होती. सारखा धक्का बसत असेल, उजेड पडत असेल, तर ही जागा धोक्याची आहे असे राणी धरून चालते आणि घातलेली अंडी खाऊन अंगातले बळ परत मिळवते. तिने पुन्हा अंडी घातली, मी पुन्हा पाहिले, तिने पुन्हा खाल्ली. साखरेच्या पाण्यामुळे बोळ्यावर बुरशी चढली. पाचव्या आठवड्यात ती मेली. आईने एकच वाक्य म्हटले, "अरे, बाळंतिणीच्या खोलीत इतकी माणसं जातात का?" त्या वाक्यात मुंग्या पाळण्याचे निम्मे शास्त्र आले.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४च्या मृगात, दुसरी राणी मिळाली. या वेळी मी वागणे बदलले. नळीभोवती तांबडा जिलेटीनचा कागद गुंडाळला आणि ती कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली. आठवड्यातून एकदा, रविवारी, मिनिटभर पाहायचे असा नेम केला. तांबडाच कागद का, याला कारण आहे. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये सर जॉन लबक नावाचे गृहस्थ होऊन गेले. व्यवसायाने बँकवाले, शिवाय पार्लमेंटचे सभासद. बँकांना सुट्ट्या देणारा १८७१चा कायदा त्यांच्याच खटपटीने झाला. हे गृहस्थ घरात काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून मुंग्या पाळत. मुंग्यांवर वेगवेगळ्या रंगांचा उजेड पाडून त्यांनी दाखवले की तांबड्या उजेडात मुंग्या अंधारात वागाव्या तशाच निर्धास्त वागतात, पण आपल्याला मुळीच न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण त्यांना जाणवतात आणि त्यांपासून त्या आपली पिले दूर नेतात. १८८२ साली त्यांचे मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी पाळलेली एक राणी जवळजवळ १५ वर्षे जगली. विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसाने नुसते नीट पाहून हे शोधले. माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला यातून बळ मिळाले, हे कबूल केले पाहिजे.

ट्रंकेतल्या नळीत सुमारे सहा आठवड्यांनी पहिली कामकरी बाहेर आली. अंडी, अळी, कोष आणि मुंगी असा तो क्रम. ज्याला आपण 'मुंगीची अंडी' म्हणतो ते तांदळाएवढे पांढरट दाणे खरे तर कोष असतात. अंडी त्याहून पुष्कळ बारीक. पहिल्या खेपेच्या कामकरी मुंग्या लहानखुऱ्या आणि भित्र्या होत्या. उपाशी आईच्या पोटी जन्मलेली लेकरे ती, अंगाने कुठून भरणार? पण त्या बाहेर आल्या आणि घराचा नूर पालटला. आता राणीला भरवणारे कुणीतरी होते.

येथून पुढे खाऊ घालण्याचे काम सुरू होते. मोठ्या मुंग्यांना गोड लागते. साखरेचे किंवा गुळाचे पाणी, मधाचा थेंब. अळ्यांना मात्र वाढण्यासाठी मांस लागते. नाकतोडा, उकडलेल्या अंड्याचा कण किंवा मेलेले झुरळ. मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही, ती फक्त रस पिते. तिच्या पोटात दोन कोठ्या असतात. एक स्वतःसाठी आणि दुसरी सगळ्यांसाठी. बाहेरून आलेली मुंगी भुकेलेल्या बहिणीच्या तोंडाला तोंड लावून दुसऱ्या कोठीतला रस तिला देते, ती पुढे तिसरीला देते. एका मुंगीला दिलेला थेंब काही तासांत पुष्कळ पोटांत वाटला जातो. हे वाटप माझ्या एका चुकीमुळे मला फार वाईट रीतीने कळले. ऑक्टोबरात घरात झुरळांचे औषध मारले होते. त्यातलेच एक मेलेले झुरळ मी न विचार करता आत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी २६ पैकी ९ कामकरी पाय आखडून पडलेल्या होत्या. जे वाटपाने जगवते, तेच वाटपाने मारते. राणी वाचली, हे माझे नशीब. तेव्हापासून बाहेरचे किडे मी शेतातूनच आणतो, तेही फवारणी नसलेल्या बांधावरून.

नळी अपुरी पडू लागली तेव्हा घर बांधायला घेतले. शार्ल जाने नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९व्या शतकाच्या अखेरीस प्लॅस्टरची घरे करून मुंग्या पाळल्या होत्या. तीच कल्पना मी वापरली. पसरट डब्यात शाडूच्या मातीचे गोळे आणि वळकट्या मांडल्या, त्यांवर गणपतीच्या मूर्तिकाराकडून आणलेले प्लॅस्टर कालवून ओतले, घट्ट झाल्यावर उलटे करून माती कोरून काढली. गोळ्यांच्या खोल्या झाल्या, वळकट्यांचे बोगदे. वर काच बसवली. एका टोकाला खळगा ठेवला. त्यात रोज थोडे पाणी घातले की ते टोक ओले राहते आणि दुसरे कोरडे. कुठे किती ओल हवी हे मुंग्या आपले आपण ठरवतात. अंडी ओल्या बाजूला, कोष कोरड्या बाजूला. आणि डोंगळे पळू नयेत म्हणून? आमच्या आजीच्या वेळी दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवीत, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. मी तीच युक्ती उलटी वापरली. घर आणि त्यांचे अंगण एका पाटावर, आणि पाट पाण्याच्या परातीत.

पुस्तकी सूचनांबद्दल एक इशारा दिला पाहिजे. मुंग्या पाळण्यावरचे बरेचसे लिखाण थंड देशांतल्या लोकांनी केलेले आहे. हिवाळ्यात मुंग्यांना तीन-चार महिने गारठ्यात झोपवावे, असे ते सांगतात. त्यांच्या मुंग्यांना ते आवश्यक आहे. आपल्या उष्ण मुलखातल्या मुंग्यांना अशी झोप नाही. डिसेंबरात माझे डोंगळे थोडे मंदावतात, अंडी कमी होतात, एवढेच. त्यांना कुणी फ्रिजमध्ये ठेवील तर त्या झोपणार नाहीत, मरतील. आपल्याकडे धोका वेगळा असतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची खोली तापते आणि प्लॅस्टर दोन दिवसांत खडखडीत कोरडे होते. त्या दिवसांत मी पाट जमिनीवर उतरवून माठाशेजारी ठेवतो. जिथले जनावर तिथला ऋतू, हे पाळणाऱ्याने विसरू नये.

नव्या घरात त्या कशा गेल्या, हा प्रसंग राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगितलाच पाहिजे. मला वाटले होते, राणी आधी पाहणी करील आणि मग हुकूम सोडील. प्रत्यक्षात पहिला दिवस एक कामकरी नुसती जाऊन-येऊन होती. मग चार झाल्या. तिसऱ्या रात्री अळ्या आणि कोष उचलून नेणे सुरू झाले. काही मुंग्या पुढे नेत होत्या, तर काही तीच पिले परत जुन्या नळीत आणीत होत्या! हा गोंधळ पहाटेपर्यंत चालला. हळूहळू नेणाऱ्या वाढल्या आणि आणणाऱ्या कमी झाल्या. राणी नळीच्या टोकाला तशीच बसून होती. शेवटी एका कामकरीने तिचा जबडा धरला आणि तिला मागे मागे ओढत नव्या घरात नेले. जिला आपण राणी म्हणतो तिला घर बदलल्याचे सर्वांत शेवटी कळले.

डेबोरा गॉर्डन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुंग्यांच्या वस्तीत कुणीच कुणाला आज्ञा देत नाही, असे त्या सांगतात. प्रत्येक मुंगी वाटेत भेटणाऱ्यांना मिशांनी हुंगते, कोण कुठून आले आणि किती वेळाने भेटले यावरून आपले पुढचे काम बदलते. यातून एकत्रित निर्णय तयार होतो. 'राणी' आणि 'सैनिक' ही नावे आपण आपल्या राज्यांवरून त्यांना चिकटवली. याचा अर्थ मुंग्यांची लोकशाही आहे असा मात्र काढू नये. तेही पुन्हा आपलेच नाव झाले. राणी राज्य करीत नाही, ती अंडी घालते. पण ती गेली तर सगळे संपते. डोंगळ्यांत कामकरी बीज साठवू शकत नाहीत, त्यांच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. राणी मेली की उरलेल्या बहिणी महिनोन्महिने काम करीत राहतात आणि एकेक करून संपतात. सगळ्याच मुंग्यांत असे नसते. दक्षिण भारतात उडी मारणारी एक मुंगी आढळते, हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर तिचे नाव. तिची राणी मेली की कामकरी मुंग्यांत मिशांची झुंज लागते आणि जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेव्हा त्यांचा मेंदू आकसतो आणि त्यांना पुन्हा कामकरी व्हावे लागले तर तो परत वाढतो. डोंगळ्यांच्या नशिबी ही सोय नाही. म्हणून एका राणीला हात लावणे म्हणजे एका वस्तीला हात लावणे होय.

याची आठवण मला एका बातमीने करून दिली. एप्रिल २०२५मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांना पकडण्यात आले. दोघेही जवळपास माझ्याच वयाचे. त्यांच्याजवळ सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या, त्यांत दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या आफ्रिकन मुंग्यांच्या राण्या होत्या. त्या कशात ठेवल्या होत्या? कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांत! हौस म्हणून गोळा केल्या, गुन्हा आहे हे ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. ७ मे २०२५ रोजी न्यायालयाने त्यांना १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १२ महिने कैद अशी शिक्षा सुनावली. बातमी वाचून मी फडताळावरच्या रिकाम्या नळीकडे बराच वेळ पाहत होतो. ते तंत्र मला ठाऊक होते. ती हौसही ठाऊक होती. उष्ण देशांतल्या मुंग्यांना थंड देशांतल्या हौशी लोकांकडून मोठी किंमत येते. पण त्या राण्यांबरोबर तिथली होऊ घातलेली हजारो बिळे गेली असती. ही बिळे माती भुसभुशीत करतात, गवताचे बी पसरवतात. आणि परक्या मुलखात एखादी राणी सुटली तर तिथलेही बिघडते. दक्षिण अमेरिकेतली तांबडी आगमुंगी १९३०च्या दशकात मोबिल बंदरातून अमेरिकेत शिरली. तिने तिथल्या शेतकऱ्यांना आणि गुराढोरांना सळो की पळो करून सोडले, आणि ती अजून हटलेली नाही. हौस आणि हाव यांत अंतर किती? माझ्या मते एका नळीचे. म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. आपल्या अंगणातलीच राणी घ्यायची, एकच घ्यायची, आणि ती विकायची नाही किंवा दुसऱ्या मुलखात पाठवायची नाही.

आज माझ्याकडे किती डोंगळे आहेत ते नक्की सांगता येत नाही. २०० नंतर मी मोजणे सोडले. मोठ्या डोक्याच्या कामकरी गेल्या पावसाळ्यापासून दिसू लागल्या आहेत. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. आमची राणी इतकी जगेल असे नाही, पण माझी बी.ए. आटोपल्यावरही ती असण्याचा संभव आहे. वडिलांनी परवा विचारले, "तू पुढं शिकायला गेलास, तर ह्यांना कोण घालणार?" मी काही बोलण्याआधी आई म्हणाली, "घालते की मी. चतुर्थीला मुंग्यांना साखर घालतेच, तिथं रोज घालीन." तिला मी एवढेच सांगितले की घालताना काच उघडायची नाही, आणि झुरळाचे औषध त्या खोलीत मारायचे नाही. ती हसली. बाळंतिणीची गोष्ट तिनेच मला शिकवली होती.

अजून या वस्तीत पंखवाल्या मुंग्या जन्मलेल्या नाहीत. वस्ती आणखी वाढली की त्या होतील. ज्या वर्षी होतील त्या वर्षी मृगाच्या संध्याकाळी परातीतले पाणी काढून, पाट अंगणात नेऊन ठेवायचा, असे मी ठरवले आहे. ज्या अंगणातून त्यांची आई उचलली तेच हे अंगण. त्यांतल्या बहुतेक मरतील, हे मला ठाऊक आहे. म्हण अगदीच खोटी नाही. पण पंख फुटले म्हणून मरण येते, की पंख फुटतात म्हणूनच पुढची वस्ती वसते, याचा विचार ती म्हण उच्चारण्यापूर्वी आपण एकदा करावा, एवढेच माझे सांगणे आहे.